भदाणेताईंचा कीबोर्ड

काउंटरच्या काचेवर त्यांनी आधी दोन्ही हात ठेवले आणि मग म्हणाल्या, "भाऊ, कीबोर्ड बघायचेत."

"कोणत्या कंपनीचा दाखवू?"

"कंपनीचं राहू द्या. दुकानात जेवढ्या प्रकारचे असतील तेवढे दाखवा. आणि मला ते लावून, टाइप करून बघायचेत."

रविवार होता. दुपारचे बारा वाजत आले होते आणि रविवारी दोन वाजता मी शटर ओढायचो. धुळ्यात आग्रा रोडला लागून असलेल्या एका बोळात माझं दुकान, संगणक आणि त्याचे सुटे भाग विकायचं. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो. दुकानाला चार वर्षं झाली होती, आणि आपल्याला या धंद्यातलं सगळं कळतं याबद्दल माझ्या मनात काही शंका नव्हती. कीबोर्ड म्हणजे दोन मिनिटांचं गिऱ्हाईक. खोका उघडायचा, दाखवायचा, बांधून द्यायचा. लावून बघायचंय असं म्हणणारं त्या चार वर्षांत कुणी आलं नव्हतं.

काहीतरी कारण सांगून मी त्यांना वाटेला लावणार होतो. तेवढ्यात माझं लक्ष काचेवरच्या त्यांच्या डाव्या हाताकडे गेलं. करंगळी मुळापासून नव्हती. शेजारच्या बोटाचं एकच पेर उरलं होतं. मी बघतोय हे त्यांनी बघितलं, पण हात मागे घेतला नाही. बहुधा मी बघावं म्हणूनच तो तिथे ठेवला होता.

मी आतलं स्टूल बाहेर काढलं आणि मराठी टायपिंगची सोय असलेला संगणक चालू केला.

त्यांचं नाव रत्नप्रभा भदाणे. चाळिशीला आलेल्या, अंगाने किरकोळ, बोलणं हळू आणि मोजकं. साक्रीहून एसटीने आल्या होत्या. त्यांचे पती तिकडच्या एका सरकारी कचेरीत लिपिक होते. ते गेल्यावर अनुकंपा म्हणून ताईंना त्यांच्या जागी घेतलं होतं, पण एका अटीवर. ठरलेल्या मुदतीत मराठी टंकलेखनाची खात्याची परीक्षा पास व्हायची. मिनिटाला तीस शब्द. तीन वेळा बसता येत होतं. पहिल्या वेळी बावीस शब्द झाले, दुसऱ्या वेळी सव्वीस. आता शेवटची खेप उरली होती, अडीच महिन्यांवर. त्यातही तीस झाले नाहीत तर नोकरी जाणार होती. घरात सासू आणि नववीतली मुलगी.

अपंग म्हणून सूट मिळत नाही का, असं मी विचारलं. त्यांनी सांगितलं की सुटीला चाळीस टक्के अपंगत्व लागतं आणि डॉक्टरांनी त्यांना चौदा टक्के लिहून दिलं. अकरा वर्षांच्या असताना कडबा कापायच्या यंत्रात हात गेला होता. हे सगळं त्यांनी एखाद्या अर्जातला मजकूर वाचून दाखवावा तसं सांगितलं. मग पिशवीतून एक छापील कागद काढून संगणकाच्या कडेला टेकवला, मनगटावरचं घड्याळ सोडून समोर ठेवलं आणि म्हणाल्या, "परीक्षेला स्वतःचा कीबोर्ड न्यायची परवानगी आहे. दोनदा मी तिथलाच वापरला. या खेपेला माझ्या हाताला चालेल असा घेऊन जाणार आहे. आणा पहिला."

त्या दिवशी त्यांनी सहा कीबोर्ड बघितले, पुढच्या रविवारी पाच. प्रत्येकावर तोच उतारा, दहा मिनिटं, घड्याळ लावून. कालव्याच्या दुरुस्तीबद्दलचं कुठलंसं परिपत्रक होतं ते. ऐकून ऐकून नाही, तर बघून बघून मला ते पाठ झालं. दहा मिनिटं संपली की एका चौकटीच्या वहीत त्या लिहायच्या: किती शब्द झाले, किती चुका, आणि चूक कोणत्या बटणावर झाली.

मला वाटत होतं की काय घ्यायचं हे आपण त्यांना सांगावं. मी दुकानातला सगळ्यात महागडा, मधून दुभंगलेला, कमानीसारखा कीबोर्ड पुढे केला. मनगटाला आराम मिळतो, असं सांगितलं. त्यांनी दहा मिनिटं टाइप केलं आणि परत दिला. दोन बोटांचं काम त्यांचं मधलं बोट करत होतं आणि ते करताना त्यांचा डावा हात सारखा जागेवरून हलायचा, कधी पार मध्यापर्यंत जायचा. तिथे ती फट आडवी येत होती. मग मी चपट्या बटणांचा दिला, लॅपटॉपला असतो तसा. तोही परत आला. बटणाला मध्ये जरा खोलगट भाग हवा, म्हणजे न बघता बोटाला जागा कळते, असं त्या म्हणाल्या. मग मी अगदी मऊ बटणांचा दिला. फुंकर मारली तरी अक्षर उमटावं इतका मऊ. हा नक्की घेणार अशी माझी खात्री होती, कारण सगळी गिऱ्हाइकं मऊच मागायची.

त्यावर सगळ्यात जास्त चुका झाल्या.

"हे अर्धं बोट आहे ना," ताईंनी हात पालथा करून दाखवला, "ते कुठेतरी टेकतंच. बटण मऊ असलं की टेकल्या टेकल्या अक्षर उमटतं. मला कडक बटणं पाहिजेत, भाऊ. हात वर नुसता ठेवला तर गप्प राहतील अशी."

मी त्यांच्या हाताकडे त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. तोवर मी त्यात काय नाही तेवढंच बघत होतो.

आणखी एक अडचण होती, आणि तीच सगळ्यात मोठी. त्या टायपिंगमध्ये अर्धी अक्षरं आणि बरीचशी जोडाक्षरं शिफ्टचं बटण धरूनच येतात. उजव्या हाताचं अक्षर असलं की शिफ्ट डाव्या करंगळीने दाबायची. ती तर नव्हती. ताई तळहाताच्या कडेने, करंगळी जिथे असायला हवी होती तिथल्या हाडाने, शिफ्ट दाबायच्या. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. साक्रीच्या टायपिंग क्लासमध्ये सरांनी जमणार नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच शोधून काढलं होतं. पण त्यासाठी डावीकडची शिफ्ट लांब हवी, आणि तिच्या बाहेरची प्लॅस्टिकची कड अगदी बारीक हवी. कड रुंद असली की हात तिच्यावरच आपटायचा आणि बटणापर्यंत पोचायचा नाही.

दुसऱ्या रविवारी जाताना त्यांनी वहीचं पान फाडून मला दिलं. बटणं कडक, मध्ये खोलगट, डावी शिफ्ट लांब, डावी कड बारीक. खाली पट्टीने मोजून कडेची रुंदी लिहिली होती. असा कीबोर्ड माझ्या दुकानात नव्हता. चार वर्षं कीबोर्ड विकत होतो, पण कुठल्याची कड किती रुंद असते हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

त्या आठवड्यात नाशिकला माल घ्यायला गेलो तेव्हा तो कागद खिशात होता. ठोक व्यापाऱ्याच्या गोदामात मी पट्टी घेऊन बसलो. गोदामातली माणसं हसली. सगळ्यात तळाच्या थरात एक साधा काळा कीबोर्ड मिळाला. व्यापारी म्हणाला, हा नका नेऊ, बटणं फार कडक आहेत, गिऱ्हाईक परत आणून देतं. मी दोन घेतले.

रविवारी ताईंनी त्यावर हात ठेवला आणि एकही बटण न दाबता बराच वेळ तसाच राहू दिला. पडद्यावर एकही अक्षर उमटलं नाही. मग त्यांनी घड्याळ लावलं. दहा मिनिटांनी वहीत आकडा लिहिला तो मला दाखवला. अठ्ठावीस.

"हाच," त्या म्हणाल्या.

त्यानंतरही त्या दर रविवारी येत राहिल्या. घरी संगणक नव्हता. कचेरीतला संध्याकाळी तासभर मिळायचा, आणि रविवारी माझ्या दुकानातला. माझी काही हरकत नव्हती. खरं तर मी रविवारची वाट बघायला लागलो होतो. त्या आल्या की मी स्टूल पुसून ठेवायचो. इतर गिऱ्हाइकांशी जरा हळू बोलायचो.

पण आकडा अठ्ठावीसवर अडकला. कधी एकोणतीस व्हायचा, पुन्हा अठ्ठावीस. तीन रविवार असेच गेले. ताई वहीत आकडा लिहायच्या, कीबोर्ड रुमालात गुंडाळायच्या आणि बस गाठायच्या. मलाच राहवेना. दोन शब्द. दोन शब्दांसाठी या बाईची नोकरी जाणार, हे मला पटत नव्हतं.

परीक्षेला पाच आठवडे उरले असताना मी एक गोष्ट केली. जरा साफ करून देतो असं सांगून त्यांचा कीबोर्ड आठवडाभर ठेवून घेतला. मागचे स्क्रू काढले, आतल्या सर्किटच्या पाटीवर एक केसाएवढी तार सोल्डरने जोडली आणि स्पेसबारच्या डावीकडचं एक बटण, ज्याचा टायपिंगमध्ये काही उपयोग नसतो, त्याला शिफ्टचं काम दिलं. म्हणजे शिफ्टसाठी तळहात वाकडा करायला नको. डावा अंगठा नुसता बसून असतो, त्याने दाबलं की झालं. स्क्रू पुन्हा बसवले. बाहेरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. मी माझ्या कामावर इतका खूश होतो की रविवार कधी येतो असं मला झालं होतं.

ताई आल्या. मी त्यांना फक्त एवढंच सांगितलं की शिफ्टच्या जागी अंगठ्याजवळचं हे बटण दाबून बघा.

सुरुवातीला त्या अडखळल्या. मग हात बसला. त्यांचा डावा हात पहिल्यांदाच जागेवर स्थिर राहिलेला मी बघितला. दहा मिनिटं झाली. त्यांनी शब्द मोजले, पुन्हा मोजले. तेहतीस. त्यांनी परत घड्याळ लावलं आणि पुन्हा टाइप केलं. चौतीस. तिसऱ्यांदा लावलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरू शकत नाही. माणूस खूप दिवसांनी ओझं उतरवतो तेव्हा आधी खांदे सैल होतात, तसे त्यांचे खांदे सैल झाले होते. त्या हसत होत्या. तोवर मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

तिसरा उतारा संपल्यावर त्यांनी विचारलं, "हे कसं केलंत?"

मी अभिमानाने सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मध्येच काही विचारलंही. मग पिशवीतून परीक्षेचं पत्र काढलं आणि त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून ते माझ्यापुढे सरकवलं. कीबोर्ड मूळ स्वरूपात असावा, त्यात कोणताही बदल केलेला नसावा, असं तिथे लिहिलं होतं.

"तार काढून द्या, भाऊ."

मी त्यांना खूप समजावलं. ही फसवणूक कशी, असं म्हटलं. शब्द तर तुमचीच बोटं टाइप करणार. पाच बोटांच्या माणसांसाठी केलेला नियम तुम्हाला लावणं हाच अन्याय आहे. आणि हे उघडून बघणार कोण? स्क्रू लेबलच्या खाली आहेत. शेवटी माझा आवाज जरा चढला असावा, कारण समोरच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. ताई शांतपणे ऐकत होत्या. मध्ये एकदा त्यांनी कीबोर्डवर हात ठेवला, त्या अंगठ्याजवळच्या बटणावर, आणि लगेच उचलला.

"तुम्ही भिताय," मी म्हणालो. "उगाच भिताय, ताई. काही होणार नाही."

त्यांनी पत्राची घडी घातली आणि म्हणाल्या, "मी थांबते. माझी गाडी साडेतीनला आहे."

मी त्यांच्यासमोर स्क्रू काढले आणि तार उपटली. मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर त्यांची कीवही आली होती. एक साधी बाई, सरकारी कागदाला भिणारी. हातची नोकरी घालवायला निघाली आहे, असं मला वाटलं. तसं मी घरी बायकोजवळ बोललोही.

पुढच्या रविवारी त्या येतील असं वाटलं नव्हतं. पण बारा वाजता आल्या. काही घडलंच नाही अशा रीतीने स्टुलावर बसल्या, आणि त्या दिवशी त्यांनी टाइप केलं नाही, नुसती वही उघडली. पहिल्या रविवारपासूनच्या सगळ्या चुका त्यांनी बटणांप्रमाणे मांडल्या होत्या. कोणत्या बटणावर किती.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "मी डाव्या हातालाच दोष देत होते. पण चुका उजव्या हाताच्या जास्त आहेत."

मी बघितलं. खरंच तसं होतं. डावा हात मागे राहतो म्हणून उजवा पुढे धावत होता, डाव्याचं अक्षर यायच्या आधीच आपलं उमटवून मोकळा होत होता. मग पुसा, परत लिहा. प्रत्येक चुकीला दोन-तीन शब्दांचा वेळ जात होता.

"माझे वडील औत हाकायचे तेव्हा सांगायचे," ताई म्हणाल्या, "जोडीतला एक बैल पुढे ओढायला लागला की नांगराचं तास वाकडं जातं. मग मागच्याला मारून उपयोग नसतो. पुढच्याला आवरावं लागतं."

उरलेले तीन आठवडे त्यांनी उजव्या हाताला आवरलं. वेग मुद्दाम कमी केला. पहिल्या रविवारी आकडा चोविसावर आला. मी मनातल्या मनात हात जोडले. त्यांच्या बोटांचा आवाज मात्र बदलला होता. आधी तो पत्र्यावर खडे पडल्यासारखा यायचा, कधी भरभर, कधी थांबून. आता एकसारखा यायला लागला. दुसऱ्या रविवारी सत्तावीस. परीक्षेच्या आदल्या रविवारी एकोणतीस, आणि चुका फक्त दोन. तारेशिवाय तीस त्यांचे माझ्या दुकानात एकदाही झाले नाहीत.

परीक्षा नाशिकला होती, एका कॉलेजच्या संगणक कक्षात. माल घ्यायचं निमित्त काढून मी गेलो. कक्षाला व्हरांड्याच्या बाजूने काच होती आणि उमेदवारांबरोबर आलेले लोक तिथे उभे होते. ताई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. रुमाल सोडून त्यांनी कीबोर्ड बाहेर काढला. पर्यवेक्षक रांगेतून आला, कीबोर्डची वायर संगणकाच्या मागे खोचली आणि दुसरीकडे बघत पुढे गेला. त्याने कीबोर्ड हातात घेतला नाही. उलटा करून बघितला नाही. स्वतःचा कीबोर्ड आणलेले आणखी चारजण होते, त्यांचेही बघितले नाहीत.

मला तेव्हा इतकं वाईट वाटलं की मी क्षणभर काचेपासून बाजूला झालो. कुणी बघितलंच नाही. ती तार राहिली असती तर ही बाई आत्ता निवांत बसली असती.

घंटा झाली. आवाज बाहेर येत नव्हता, पण मला त्यांचे हात दिसत होते. तळहाताची कड शिफ्टवर पडत होती, उठत होती. शेजारच्या मुली भरभर टाइप करत होत्या. ताईंनी एकदाही कुणाकडे बघितलं नाही. त्यांचा उजवा हात थांबत होता, डाव्याची वाट बघत होता आणि मगच पुढे जात होता. इतक्या रविवारी मी त्यांच्या शेजारी बसलो, पण ते हात एकमेकांबरोबर असे चाललेले मी त्या दिवशीच पाहिले.

निकाल दुपारी तीनला दारावर लावला. ताईंनी आपला क्रमांक शोधला, त्याच्यापुढचा आकडा बघितला आणि माझ्याकडे वळून तो सांगितला. एकतीस. त्यांनी डोळ्यांना पदर लावला, मग मुलीला फोन केला. फोनवर त्या फक्त "हो" म्हणाल्या, तीन-चार वेळा.

कॉलेजच्या फाटकाबाहेर चहाची गाडी होती. तिथे उभं राहून आम्ही चहा घेतला. माझ्या मनातली गोष्ट काही जात नव्हती. शेवटी मी बोललोच.

"ताई, तुम्ही एवढं भ्यालात. पण तिथे कीबोर्ड कुणी हातात घेऊनसुद्धा बघितला नाही."

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मागच्या दोन्ही वेळेलाही कुणाचे बघितले नव्हते."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. महिनाभर मी या बाईला भित्री समजत होतो.

"मग तेव्हा सांगितलं का नाहीत?"

ताईंनी ग्लास गाडीवर ठेवला. पिशवीत कीबोर्ड नीट बसला आहे की नाही ते चाचपून बघितलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही तार काढली नसती," त्या म्हणाल्या. मग हसल्या. "आणि खरं सांगू का भाऊ, मीही काढू दिली नसती."